अद्भुताचे उपेक्षित मानकरी

अद्भुतरम्य वाङ्मयाचा विषय निघताच टोल्कीनच्या नावापाशी थबकणाऱ्या वाचकांनी होप मर्लीस या आंग्ल लेखिकेची १९२६ मधील ‘लड-इन-द-मिस्ट’ ही कादंबरी अवश्य वाचावी. परीराज्यातील फळांचा नामोच्चारही जेथे निषिद्ध, अशा त्या नगरीत फळांच्या चोरट्या व्यापाराचे खटले सरकारदफ्तरी रेशमी कापडाचे म्हणून नोंदले जातात. आणि खुद्द नगराध्यक्षाच्याच पुत्राने ते फळ चाखल्याचे उघडकीस येते, तेव्हा या सोयीस्कर असत्याचा डोलारा डळमळू लागतो. तिच्याच जोडीला रुकैया सखावत हुसेन यांची, १९०५ साली मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात आलेली ‘सुलतानाज ड्रीम’ ही कथा ठेवावी. तीत पुरुष मर्दान्यात चूलमूल सांभाळतात आणि स्त्रिया सूर्याच्या उष्णतेने शत्रुसैन्य पिटाळून लावतात. वाचकहो, ही पुस्तके आपल्या ग्रंथपालाकडे आग्रहाने मागा. मागणीवाचून ती कपाटात येणार नाहीत.