खरे ब्रह्मकमळ कोठे फुलते?

पावसाळ्यातील एखाद्या रात्री ओळखीच्या कुणाच्या तरी अंगणात ब्रह्मकमळ उमलते. शेजारपाजारची मंडळी जमतात, निरांजन ओवाळले जाते, आणि उजाडेपर्यंत फूल मान टाकते. इंदूर असो, बडोदे असो वा बेळगाव, मराठी घरांतील हा सोहळा सारखाच. परंतु वाचकहो, कुंडीतील हे झाड म्हणजे मध्य अमेरिकेकडून आलेला एक निवडुंग होय. आपण त्यास श्रद्धेने ब्रह्मकमळ म्हटले, त्यात वावगे काही नाही. मात्र मुळात हे नाव ज्याचे, ते फूल हिमालयातले; उत्तराखंडाचे ते राज्यपुष्प आहे.

गढवाल हिमालयात चढत गेले की देवदार मागे पडतात आणि साडेतीन हजार मीटरच्या सुमारास भूर्जवृक्षांची शेवटची रांग लागते. याच वृक्षाच्या सालीवर, भूर्जपत्रावर, आपल्या पूर्वजांनी ग्रंथ लिहिले. त्यापुढे वृक्षांचे राज्य संपते आणि गवताळ उतारांचे सुरू होते. तेथील लोक त्यांना 'बुग्याल' म्हणतात. वर्षाचा बराचसा काळ ही भूमी हिमाखाली असते. उगवणे, फुलणे आणि बी धरणे हा सारा संसार वनस्पतींना तीन-चार महिन्यांत आटोपावा लागतो.

म्हणूनच त्यांची घडण निराळी. ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातले. त्याच्या पाकळ्या म्हणून आपण ज्या पाहतो, ती वस्तुतः फिकट पिवळसर, कागदासारखी पातळ पाने होत. खरी जांभळी फुले त्यांच्या आड, थंडी-पावसापासून सुरक्षित, दाटीने बसलेली असतात. त्याचेच भावंड फेनकमळ आणखी उंचावर राहते आणि पांढऱ्या लोकरीत स्वतःस गुरफटून घेते. निळी खसखस अंगभर काटे बाळगते. काही वनस्पती तर उशीसारख्या जमिनीला बिलगूनच वाढतात.

कामेट शिखर सर करून परतताना, 1931 साली, फ्रँक स्माइथ आणि त्याचे सहकारी भ्यूंडार खोऱ्यात उतरले. तो 1937 मध्ये तेथे पुन्हा आला आणि पुढील वर्षी त्याने लिहिलेल्या पुस्तकामुळे 'फुलांची दरी' जगाला ठाऊक झाली. वनस्पती गोळा करण्यास आलेल्या जोन मार्गारेट लेग या बाई 1939 साली तेथेच कड्यावरून पडून निवर्तल्या. त्यांची समाधी दरीत आहे. तथापि मेंढपाळांना ही दरी कितीतरी आधीपासून परिचित होती, हे विसरू नये.

दरी 1982 साली राष्ट्रीय उद्यान झाली आणि चराई बंद झाली. 2005 मध्ये तिला जागतिक वारशाचा मान मिळाला. पण पुढे तेथे एका जोमदार रानवनस्पतीने इतके पाय पसरले की वनखात्याला ती उपटून काढावी लागते. मेंढ्या हटविल्यामुळे असे झाले काय, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. नुसते कुंपण घातले म्हणजे रक्षण झाले असे नाही, एवढे मात्र यातून कळते.

दुसरी चिंता आपल्याशी निगडित आहे. आपल्यापैकी अनेक जण केदारनाथास जातात. तेथे ब्रह्मकमळ देवाला वाहण्याची परंपरा जुनी आहे. स्थानिक लोक नंदाष्टमीला नियमधर्म पाळून मोजकी फुले आणीत. यात्रेकरूंची गर्दी वाढली की मागणी वाढते, आणि फुलातच खुडलेले झाड बी टाकू शकत नाही. त्यात हवामान तापत चालले आहे. मैदानातील वनस्पतीला सरकण्यास जागा तरी असते. पर्वतावरची वर वर सरकत शिखरापाशी आली की पुढे आकाशच उरते.

तेव्हा यात्रेस जाल तर ते फूल विकत घेऊ नका, तोडू तर नकाच. उभ्या फुलाला दुरून हात जोडावेत. देवाला तेवढे पुरेल. आणि अंगणातील ब्रह्मकमळ पुढल्या खेपेस उमलेल तेव्हा मुलांना या दुसऱ्या फुलाचीही गोष्ट अवश्य सांगावी.