गिरणीचा वेग आणि गरम पीठ



आमच्या सिल्लोडला मे महिन्यात दुपारी कोणी घराबाहेर पडत नाही. अशाच एका दुपारी माझा एक जुना विद्यार्थी, आता नववीत गेलेला, घामाघूम होऊन दारात उभा! म्हणाला, "सर, कंप्युटर आपोआप बंद पडू राहिला. ताईचा प्रोजेक्ट गेला. अकरा पानं टाइप केली होती तिनं. पप्पांना सांगू नका."

त्या कंप्युटरमागे मिरचीच्या एका तोड्याचे पैसे आहेत, तेव्हा प्रकरण साधं नव्हतं. खोदून विचारल्यावर कळलं, की स्वारीने डिसेंबरातच एक व्हिडिओ पाहून प्रोसेसरचा वेग हाताने वाढवून ठेवला होता. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात.

आता हे काय असतं? पिठाची गिरणी डोळ्यांपुढे आणा. रांग मोठी झाली म्हणून गिरणीवाल्याने वेग वाढवला, तर डबे लवकर भरतात, पण पीठ हाताला चटका देतं. प्रोसेसरचंही तसंच. त्याला एक ठेका असतो. या मुलाच्या प्रोसेसरचा, म्हणजे रायझन ५ ३६०० चा, मूळ ठेका सेकंदाला ३६० कोटी. म्हणजे ३६०० मेगाहर्ट्झ. तो येतो १०० गुणिले ३६ असा. यानं ३६ चे ४० केले. एवढ्या वेगात प्रोसेसर अडखळू नये म्हणून व्होल्टेजही १.२ वरून १.४ वर नेलं.

आता पाटी घ्या. प्रोसेसरची उष्णता साधारण व्होल्टेज गुणिले व्होल्टेज गुणिले वेग या हिशेबाने वाढते. आधी १.२ × १.२ × ३६ = ५१.८४. नंतर १.४ × १.४ × ४० = ७८.४. म्हणजे वेग वाढला नवव्या हिश्श्याने आणि उष्णता झाली दीडपट! डिसेंबरात खोली थंड होती, म्हणून निभावलं. मेमध्ये खोलीच वीसेक अंशांनी जास्त तापलेली, तेवढीच भर आत प्रोसेसरवर पडते. वर पंख्यात कपाशीच्या घरातली धूळ. प्रोसेसरने जीव वाचवायला कंप्युटर बंद केला, यात त्याचं काय चुकलं?

हा उद्योग नवा नाही. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. बोर्डावरचा ६६ चा ठेका १०० केला की ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ४५० वर पळायचा. तेव्हा सगळं हातानेच करायचं. (त्याआधीच्या कंप्युटरवर 'टर्बो' नावाचं बटण असे. गंमत म्हणजे ते खरं तर वेग कमी करायला होतं, जुने खेळ फार जोरात पळू नयेत म्हणून.) आपल्या पुण्याच्या सी-डॅकने मात्र दुसरी वाट धरली. १९९१ च्या 'परम ८०००' मध्ये त्यांनी एकाच प्रोसेसरला दामटलं नाही, तर अनेक प्रोसेसर एका कामाला जुंपले.

आता आपोआप वेग वाढण्याचे दोन प्रकार आहेत आणि नवशिके इथेच गोंधळतात. पहिला कारखान्यातूनच आलेला. प्रोसेसर स्वतःचं तापमान पाहतो, काम किती आहे ते पाहतो, वेग वाढवतो आणि तापला की कमी करतो. शेतातल्या डिझेल इंजिनाचा गव्हर्नर जसा रेस सांभाळतो, तसंच. दुसरा प्रकार मदरबोर्डच्या सेटिंगमधला, एका बटणात ओव्हरक्लॉक करणारा. तो दिसायला सोपा, पण प्रत्येक प्रोसेसर थोडा वेगळा असल्याने बोर्ड बहुधा गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देऊन मोकळा होतो. हाताने करणारा माणूस एकेक पायरी चढतो, दर पायरीला तास-दोन तास कामाला लावून तापमान तपासतो. चिकाटी असेल तर हाताचं काम जास्त नेमकं होतं. आमच्या या पठ्ठ्याने मात्र पायऱ्या गाळून थेट माडी गाठली होती.

आणि खरी गंमत पुढे. हाच प्रोसेसर हलक्या कामात आपण होऊन ४२०० पर्यंत जातो! यानं तो ४००० वर बांधून ठेवला होता. म्हणजे पुष्कळ कामांत उलट वेग कमीच झाला. हे सांगितल्यावर त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

माझं मत विचाराल तर नवशिक्याने कारखान्याची आपोआप सोय तशीच ठेवावी आणि आधी पंखा साफ करावा. हाताने करायचंच तर घरातल्या मोठ्यांना विचारून, कामाचा नसलेल्या कंप्युटरवर, आणि उन्हाळ्यात तर नकोच. लॅपटॉपला हातही लावू नका.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. प्लग काढला, ब्रशने धूळ झाडली, बोर्डावरचा बटणासारखा सेल पाच मिनिटं काढून पुन्हा बसवला. सगळी सेटिंग मूळची झाली. तासभर चालवला, बंद पडला नाही. ताई शेजारी बसून पहिल्यापासून टाइप करत होती. वीज गेली असेल, असंच तिला वाटतंय.

हे लिहायला त्याची परवानगी घेतली आहे. मात्र त्यांच्या घरी हा अंक दर आठवड्याला येतो आणि ताई तो आधी वाचते, हे त्याला सांगून ठेवलंय. छपाईला अजून बारा दिवस आहेत.