'स्पॉयलर' आणि संकलन

चित्रपटांविषयी आणि दूरचित्रवाणी मालिकांविषयी इंग्रजीत कसे बोलावे हे शिकवणारा एक पाठ संभाषणकौशल्याच्या पुस्तकांत आणि इंग्रजीच्या शिकवणी-वर्गांत आता सर्रास आढळतो. त्याचे स्वरूप ठरलेले आहे : 'ग्रिपिंग', 'स्टनिंग', 'मस्ट-वॉच', 'प्रेडिक्टेबल', 'क्लिफहँगर', 'स्पॉयलर' असे पंधरावीस शब्द, त्यांचे मराठी अर्थ आणि गाळलेल्या जागा भरण्यासाठी काही वाक्ये. एवढे शब्द आत्मसात झाले की चित्रपटाविषयी बोलता येते, असे त्यात गृहीत धरलेले असते. हे गृहीतक शिकवणी-वर्गापुरतेच असते तर समीक्षाव्यवहाराने त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु पदव्युत्तर विभागांतही तेच अधिक भारदस्त वेषात वावरते. चित्रपटाचा विचार करायचा तर इंग्रजी परिभाषेतच, मराठीत फार तर आस्वाद, अशी ती धारणा आहे. शिकवणीच्या यादीत 'ग्रिपिंग' असते, विभागाच्या यादीत 'गेझ' आणि 'मिझां-सेन'. यादीवरची श्रद्धा मात्र एकच.

या यादीतील शब्द मूळचे कोणाचे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. 'ग्रिपिंग' आणि 'मस्ट-वॉच' हे विक्रेत्याचे शब्द आहेत. जाहिरातीच्या फलकावर त्यांचे आयुष्य गेले आहे. कोणत्याही चित्रपटाला ते लावता येतात, आणि म्हणूनच कोणत्याही चित्रपटाविषयी ते काही सांगत नाहीत. कॅमेरा कोठे ठेवला होता, प्रकाश कोणत्या बाजूने आला, दृश्य कोठे तुटले, यांतील एकाही गोष्टीला त्यांचा स्पर्श होत नाही. याउलट 'शॉट', 'टेक', 'कट', 'क्लोज-अप', 'ट्रॉली', 'डबिंग' हे कारागिराचे शब्द आहेत. तेही इंग्रजीच, पण ते मराठीत यादीतून आले नाहीत. कोल्हापूरच्या, आणि 1933 मध्ये 'प्रभात' पुण्यास गेल्यावर तेथीलही, स्टुडिओंत ते हातातल्या कामाबरोबर आले. दामले आणि फत्तेलाल यांना चित्रपटाचे शिक्षण विद्यापीठाने दिलेले नव्हते. ते बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडले. त्यांनी दिग्दर्शित केलेल्या 'संत तुकाराम' (1936) या चित्रपटाची दखल 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात घेतली गेली. तेव्हा त्यांच्या इंग्रजी शब्दसंग्रहाची चौकशी कोणी केली असेल असे वाटत नाही.

शब्द परका असणे आणि तो परका राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे अमरावती जिल्ह्यातील एका गावाचे नावच सांगते. मुंबईहून निघालेला लोहमार्ग 1867 मध्ये नागपूरला पोचला. त्या मार्गावरचे चांदूर हे चांदूर बाजारापासून वेगळे ओळखू यावे म्हणून 'चांदूर रेल्वे' झाले. आज त्या नावातील उत्तरपद इंग्रजी आहे याची जाणीवही कोणास नसते, आणि 'चांदूर लोहमार्ग' असे नामांतर सुचवण्याचे धाडस अद्याप कोणा शुद्धिवाद्याने केलेले नाही. चित्रपटाचे शब्दही वऱ्हाडात असेच रुजले. 'पिच्चर', 'टॉकीज', 'इंटरवल', 'रीळ' हे बोलणारा माणूस आपण इंग्रजी बोलतो असे मानत नाही. उलट बाजूने पाहिले तर व्यवसायाची स्मृतीही विलक्षण चिवट. मध्यप्रांत व वऱ्हाड ही जोडी राज्यपुनर्रचनेत 1956 साली तुटली, तरी चित्रपट-वितरकांच्या हिशेबात 'सी. पी. बेरार' हा प्रदेश नावानिशी टिकून राहिला. शब्द व्यवहारात असला की तो टिकतो. व्यवहाराविना दिलेला शब्द परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरला जातो.

पण खरा आक्षेप याहून गंभीर आहे. शब्द आपल्यासोबत एक सौंदर्यविचार आणतो, आणि यादी पाठ करणाऱ्यास तो विचार नकळत पत्करावा लागतो. 'स्पॉयलर' हा शब्द पाहावा. कथेचा शेवट आधी सांगितला तर कलाकृती 'नासते', असे तो म्हणतो. म्हणजे कलाकृतीचे सर्वस्व तिच्या गुपितात आहे असे तो मानतो. रहस्यप्रधान प्रकारापुरते हे खरे असेल. लंडनला 1952 पासून चालत आलेल्या अगाथा ख्रिस्तीच्या 'द माउसट्रॅप' नाटकात शेवट बाहेर न सांगण्याची प्रेक्षकांना विनंती केली जाते, आणि 'सायको' (1960) च्या वेळी हिचकॉकनेही तशीच विनंती केली होती. मात्र हाच हिचकॉक एरव्ही धक्क्यापेक्षा उत्कंठेला श्रेष्ठ मानत असे, आणि त्याच्या मते प्रेक्षकाला आधी माहीत असते म्हणूनच उत्कंठा निर्माण होते. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकास ठाऊक आणि पात्रांस ठाऊक नाही, हे त्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तेव्हा एका विशिष्ट प्रकाराची अट सर्व कथनाचा नियम म्हणून शिकवणे हे खुद्द पाश्चात्त्य परंपरेशीही प्रामाणिक नाही.

आणि वऱ्हाडातील श्रोत्याचे काय? कीर्तनाच्या उत्तररंगातील आख्यान त्याला लहानपणापासून ठाऊक असते. हरिश्चंद्राचे पुढे काय होणार हे माहीत असूनही तो रात्र जागवतो. 1987-88 मध्ये दूरदर्शनवर 'रामायण' मालिका चालू असताना रस्ते ओस पडत, तेव्हा रावणाचा वध होणार ही बातमी कोणापासून लपवलेली होती? 2020 च्या टाळेबंदीत तीच मालिका पुन्हा दाखवली गेली आणि पुन्हा पाहिली गेली. या प्रेक्षकाचे कुतूहल 'काय होणार' यापेक्षा 'कसे होणार' यावर अधिक असते. रसविचाराची सारी इमारत ज्ञात कथेवर उभी आहे, हे मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास निराळे सांगावयास नको. तोच विद्यार्थी यादीतला 'प्रेडिक्टेबल' हा शब्द दोष म्हणून वापरू लागतो, तेव्हा आपल्या आजीच्या अभिरुचीला तो एका विशेषणाने बाद करतो, आणि त्यालाच समीक्षा समजतो.

दुसरीकडे मराठी चित्रपटशब्दांत जो विचार आधीच मुरलेला आहे, त्याकडे कोणी वळून पाहत नाही. इंग्रजीत चित्रफितीवरील त्या कामाला बोलण्यात 'कटिंग' म्हणतात, म्हणजे कापणे. मराठीने 'संकलन' हा शब्द घेतला, म्हणजे एकत्र आणणे. फ्रेंच 'मोंताज'चा अर्थही जुळवणी हाच. दोन तुकड्यांच्या संयोगातून तिसरा अर्थ निर्माण होतो हा आयझेनस्टाइनचा सिद्धान्त 'कटिंग'पेक्षा 'संकलन' या शब्दाला अधिक जवळचा आहे. 'फोटोग्राफी'च्या ग्रीक व्युत्पत्तीत प्रकाशाचे लेखन आहे. मराठीने मात्र 'छायालेखन' म्हटले. कृष्णधवल चित्रपटात अर्थ प्रकाशाइतकाच अंधारातून घडतो हे ज्याला कळले आहे, त्याला या निवडीचे मोल वाटल्यावाचून राहणार नाही. हे शब्द घडवणाऱ्यांनी एवढा विचार केला होता की नाही, हा प्रश्न गौण आहे. विचार शब्दात आहे आणि वापरणाऱ्याची वाट पाहत आहे.

याचा अर्थ शुद्धिवाद्यांची बाजू घ्यावी असा नव्हे. 'चित्रपट', 'बोलपट', 'दिग्दर्शक' अशा सावरकरांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या शब्दांपैकी काही अंगवळणी पडले, कारण त्यांना वापर मिळाला. पण प्रत्येक इंग्रजी शब्दासमोर एक संस्कृत शब्द उभा करणारी यादी ही शिकवणीच्या यादीची मागची बाजू आहे. 'क्लोज-अप'ला 'समीपदृश्य' म्हटल्याने क्लोज-अप कळत नाही.

मराठीत चित्रपटाचा विचार होऊ शकत नाही या धारणेचे उत्तर तर केव्हाच दिले गेले आहे. दादासाहेब फाळके यांनी 1917-18 मध्ये 'नवयुग' मासिकात आपल्या निर्मितीची हकीकत मराठीतूनच लिहिली. अरुण खोपकरांचे 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका' 1985 साली प्रसिद्ध झाले आणि चित्रपटावरील सर्वोत्तम पुस्तकाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. इंग्रजी अनुवाद आला तो 2012 मध्ये, म्हणजे सत्तावीस वर्षांनी. येथे इंग्रजीला मराठीची वाट पाहावी लागली. किती विभागांत हे पुस्तक चित्रपटविचार म्हणून शिकवले जाते आणि किती ठिकाणी ते ग्रंथालयाच्या 'संकीर्ण' कप्प्यात पडून आहे, याचा शोध ज्याचा त्याने घ्यावा.

प्रश्न इंग्रजी शिकू नये असा नाहीच. चांदूर रेल्वेहून अमरावतीला पदव्युत्तर वर्गासाठी येणाऱ्या मुलीला इंग्रजी हवे आहे. मुलाखतीत ते मागितले जाते आणि न आल्यास नोकरी जाते. तिला 'शिकू नकोस' असे सांगणे ही ज्यांना इंग्रजी येते त्यांची चैन आहे. परंतु तिला विक्रेत्याची विशेषणे द्यायची की कारागिराची क्रियापदे, हे ठरवणे शिक्षकाच्या हाती आहे. 'सैराट' (2016) च्या अखेरीस पार्श्वसंगीत नाहीसे होते आणि तान्ह्या मुलाची पावले उमटत जातात, हे तिने पाहिलेले असते आणि तिला ते सांगताही येते. यादी तिच्या हाती येते तेव्हा त्या निरीक्षणाच्या जागी 'शॉकिंग' हा शब्द बसतो. मग परीक्षक तिला गुण देतो, कारण त्याच्याही जवळ तोच शब्द असतो.

मौखिक परीक्षेत 'हा चित्रपट तुम्हांला कसा वाटला?' असे विचारण्याऐवजी 'या दृश्यात कट कोठे आहे, आणि तेथेच का?' असे विचारून पाहावे. त्याचे उत्तर देताना तिला 'कट'साठी दुसरा शब्द शोधत बसावे लागणार नाही. परीक्षकाला मात्र ते दृश्य पुन्हा एकदा पाहून यावे लागेल.