नकाशातील ठिपका आणि मेळघाटातील माणूस

पावसाळा सुरू झाला की चिखलदऱ्याच्या घाटात हौशी प्रवाशांच्या मोटारींची रांग लागते. त्याच दिवसांत, त्याच डोंगरांच्या पलीकडे, मेळघाटातील कित्येक खेडी नाल्यांना पूर आल्यामुळे जगापासून तुटतात. त्यांच्यासाठी चार महिन्यांचे धान्य आगाऊ पोचवावे लागते, हे शासनाला पुरते ठाऊक आहे. उपग्रहाने टिपलेल्या एकाच छायाचित्रात ही दोन्ही दृश्ये मावतात. परंतु त्या छायाचित्राचा उपयोग कोणास, आणि किती वेळात होतो, हा खरा प्रश्न आहे.

साधनांची वानवा आहे, असे आज कोणासही म्हणता येणार नाही. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ पासून नागपुरातच आहे. इस्रोने २००९ साली 'भुवन' हा नकाशा सर्वांस खुला केला. वाघांच्या संरक्षणासाठी २०१० साली 'एम-स्ट्राइप्स' ही पद्धत आली आणि वनरक्षकाची पायपीट नकाशावर उमटू लागली. जंगलात वणवा पेटला, तर भारतीय वन सर्वेक्षण संस्थेची सूचना उपग्रहाच्या आधारे मोबाईलवर येते. मात्र ही उपग्रहाची नजर पावणेचारशे मीटरच्या चौकटीने पाहते आणि दिवसातून मोजक्याच वेळा त्या जागेवरून फिरते. तोवर उन्हाळ्यातील वारा थांबत नाही. शेवटी जाळरेषेवर उभा राहणारा हंगामी मजूरच वणव्याला तोंड देतो.

ठिपका दिसणे आणि जीव वाचणे यांतील अंतर मेळघाटाने २०१९ साली अनुभवले आहे. ब्रह्मपुरीच्या वनातून पकडलेली 'ई-१' ही वाघीण गळ्यात कॉलर घालून येथे सोडण्यात आली. काही महिन्यांतच माणसाचा बळी गेला आणि तिला पुन्हा जेरबंद करून नागपूरच्या गोरेवाड्यात न्यावे लागले. माणूस प्राणास मुकला आणि वाघीण रानास मुकली. वाघिणीचा माग सांगणारे यंत्र तिच्या गळ्यात असूनही हे घडले, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

यावर कोणी म्हणेल की, मग वाघाचा ठावठिकाणा सर्वांस उघड करावा. आम्हांस ते मान्य नाही. शिकाऱ्यांच्या टोळ्यांनी मेळघाटात काय केले, हे २०१३ साली दिसून आले आहे. त्यांच्या हाती असा नकाशा देणे आत्मघातकीपणाचे ठरेल. परंतु वाघाचा नेमका ठिपका न सांगताही, "आज अमुक नाल्याकडे गुरे नेऊ नका" एवढे गावास सांगता येते. गुप्तता शिकाऱ्यापासून हवी, गुराख्यापासून नव्हे.

नकाशा अपुरा असला तर काय होते, याचा धडा सह्याद्रीने दिला आहे. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव ढिगाऱ्याखाली गेले. ते जागेवर नाही, हे प्रथम लक्षात आले ते एस.टी.च्या चालकाच्या. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती आणि तेथे जाण्यास मोटारीचा रस्ताही नव्हता. यादीत नसलेले गाव डोंगराच्या हिशेबात मात्र होते!

याउलट २०१० साली हैतीत भूकंप झाला, तेव्हा देशोदेशींच्या स्वयंसेवकांनी उपग्रहाच्या चित्रांवरून तेथील राजधानीचे रस्ते थोड्याच दिवसांत 'ओपन स्ट्रीट मॅप'वर रेखाटले आणि मदतपथकांनी त्याच नकाशाचा आधार घेतला. हजारो मैलांवरून जे होऊ शकले, ते अमरावतीहून चिखलदऱ्यासाठी होऊ नये काय?

आमच्या मते त्यासाठी तीन गोष्टी अवश्य केल्या पाहिजेत. पहिली, मेळघाटचा नकाशा कोरकू गावकऱ्यांना सोबत घेऊन पुरा करावा. कोणता नाला कोणत्या पावसात अडतो, कोणती पायवाट आजाऱ्याची डोली नेण्याजोगी आहे, हे त्यांना ठाऊक असते. त्यांनी ठेवलेली स्थळनावेही नकाशावर आली पाहिजेत. दुसरी, जेथे मोबाईलचे जाळे पोचत नाही तेथेही हा नकाशा चालला पाहिजे. त्याची छापील प्रत प्रत्येक ग्रामपंचायतीत व आरोग्य उपकेंद्रात असावी आणि सूचना बिनतारी यंत्रावरून, कोरकू भाषेत जावी. तिसरी, सूचना निघाल्यापासून माणूस जागेवर पोचेपर्यंत किती वेळ गेला, याची नोंद ठेवून ती दरसाल प्रसिद्ध करावी.

विल्यम लॅम्बटन याने भारताची त्रिकोणमितीय मोजणी आरंभिली आणि ती करता करताच १८२३ साली हिंगणघाटास त्याचा अंत झाला. ती मोजणी राज्य चालविण्यासाठी होती. स्वतंत्र देशाचा नकाशा माणसे वाचविण्यासाठी आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आता आपली आहे. घाटातील मोटारींची रांग मोजणाऱ्या शासनाने नाल्यापलीकडील माणसाची वाटही एकदा मोजावी.