दस्तुरी नाक्याच्या अलीकडे आणि पलीकडे

माथेरानमध्ये माणसाने माणसाला ओढून नेण्याची प्रथा सहा महिन्यांच्या आत संपुष्टात आणावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 6 ऑगस्ट 2025 रोजी दिला. स्वातंत्र्य मिळून 78 वर्षे होत आली तरी पोटासाठी माणसाला माणसाचे ओझे चढावर ओढावे लागते, ही गोष्ट न्यायालयाला अमानुष वाटली आणि ती कोणत्याही संवेदनशील मनाला तशीच वाटेल. या हातरिक्षाचालकांचे ई-रिक्षांच्या साहाय्याने पुनर्वसन करावे आणि त्यासाठी निधी नसल्याची सबब शासनाने पुढे करू नये, असेही न्यायालयाने बजावले. हा निर्णय स्वागतार्ह आहे. मात्र स्वागताचे नारळ फोडून झाल्यावर एक प्रश्न उरतो आणि तो केवळ 94 परवानाधारक हातरिक्षांचा नाही. मोटारीविना जगणारे एक गाव आपल्याला टिकवायचे आहे की नाही, हा तो प्रश्न आहे.

माथेरानचे वेगळेपण दस्तुरी नाक्यावर सुरू होते. नेरळहून घाट चढून आलेली प्रत्येक मोटार, मग ती कितीही मोठ्या माणसाची असो, येथे थांबते. पुढचा अडीच-तीन किलोमीटरचा रस्ता पायी, घोड्यावर किंवा अमन लॉजहून सुटणाऱ्या छोट्या गाडीने जायचा. रुग्णवाहिकेसारखे मोजके अपवाद सोडले, तर अनेक पिढ्या हा नियम पाळला गेला. केंद्र सरकारने 4 फेब्रुवारी 2003च्या अधिसूचनेने माथेरान व सभोवतालचा सुमारे 214 चौरस किलोमीटरचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला, तेव्हा या जुन्या शिस्तीला 1986च्या पर्यावरण संरक्षण कायद्याचे अधिष्ठान मिळाले. देशात थंड हवेची ठिकाणे पुष्कळ आहेत. पण महाबळेश्वर असो वा लोणावळा, सुट्टीच्या दिवशी तेथे पोहोचणारा माणूस शहरातील गर्दीच आपल्याबरोबर वर नेतो. माथेरानला ती खालीच ठेवावी लागते.

हा डोंगर 1850 साली ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी 'शोधून काढला' असे पाठ्यपुस्तकी वाक्य आपण वर्षानुवर्षे उच्चारत आलो. ठाकूर, धनगर आणि कातकरी यांच्या पायवाटा त्याआधीही या डोंगरावर होत्या. साहेबाने पाहिली ती हवा आणि सोय. आपल्या माणसांनी या मातीला अर्थ दिला. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीतून 1907 साली नेरळ-माथेरान हा दोन फुटी रुळांचा मार्ग सुरू झाला, तो हिंदी उद्योजकाच्या धाडसावर. याच गावात 1912 साली जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले आणि 1942च्या लढ्यात आझाद दस्ता उभारून विजेचे मनोरे पाडत सरकारला सळो की पळो करून सोडले. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडच्या रानात हिराजी पाटील यांच्यासह त्यांना वीरमरण आले. या रानवाटा ज्यांना तळहातासारख्या ठाऊक होत्या, त्यांनीच परकी सत्तेला झुंजवले. म्हणून माथेरानच्या पायवाटेकडे पाहताना केवळ पर्यटनाचा चष्मा पुरेसा नाही.

आज या पायवाटेवर तीन बाजूंनी ओढाताण चालली आहे. डिसेंबर 2022मध्ये प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा सुरू झाल्या, तेव्हा शाळेत जाण्यासाठी रोज कोसभर चालणारी मुले, वृद्ध आणि रुग्ण यांना मोठा दिलासा मिळाला. त्यांचा दिलासा खोटा ठरवण्याचा अधिकार दोन दिवस हवा खाऊन परतणाऱ्या पर्यटकाला नाही. दुसऱ्या बाजूला चारशेहून अधिक घोड्यांवर पोट असलेली कुटुंबे आहेत. रिक्षांची संख्या वाढत गेली तर घोड्याला चारा कोठून घालायचा, ही त्यांची चिंता रास्त आहे. तिसरी बाजू खुद्द डोंगराची. जांभ्याच्या या पठारावर मुसळधार पाऊस कोसळतो आणि तांबडी माती वाहून जाते. ती धरून ठेवण्यासाठी पेव्हर ब्लॉक हवेत असे एक मत, तर त्यावरून घोडे घसरतात आणि पाणी जिरायचे थांबते असे दुसरे. न्यायालयाने दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांचा पुतळा एवढ्याच मुख्य रस्त्यावर, खाली काँक्रीटचा थर न घालता ब्लॉक बसवण्यास मुभा दिली आणि आतले रस्ते व रानवाटा मोकळ्या ठेवण्यास सांगितले. हा मध्यममार्ग विवेकाचा आहे.

विवेकाला धोका असतो तो चंचुप्रवेशाचा. जानेवारी 2024मध्ये न्यायालयाने ई-रिक्षांची संख्या 20पर्यंत मर्यादित ठेवली होती. आता किती रिक्षांची गरज आहे, हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ठरवायचे आहे. पहिला हक्क खऱ्या हातरिक्षाचालकांचा, त्यानंतर वनवासी भगिनी आणि इतर गरजूंचा, हा क्रम कागदावर स्वच्छ आहे. परंतु जेथे पैसा दिसतो तेथे परवान्याच्या आडून दुसराच मालक उभा राहतो, हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव. परवाना एकाच्या नावावर, गाडी दुसऱ्याची आणि कमाई तिसऱ्याची असे झाले, तर कालचा हातरिक्षाचालक उद्याचा रोजंदार होईल आणि माथेरानची शांतताही जाईल. स्वित्झर्लंडमधील झरमॅट या गावानेही पेट्रोलच्या मोटारी दूर ठेवल्या आहेत. पाहुणा आपली गाडी पाच किलोमीटर अलीकडे टॅश येथे ठेवून रेल्वेने वर जातो. गावात विजेवर चालणारी छोटी वाहने आहेत, पण तीसुद्धा परवानगीशिवाय रस्त्यावर येत नाहीत. वाहन विजेवर चालते म्हणून त्याची गर्दी क्षम्य ठरत नाही, हे त्या गावाला कळले.

दस्तुरी नाक्याच्या पलीकडची ही चर्चा नाक्याच्या अलीकडे, म्हणजे पायथ्याशी आली नाही तर अपुरी राहील. माथेरानच्या कुशीत उल्हास नदीचे खोरे पसरले आहे. भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटलेले पाणी पेज नदीवाटे उल्हासला मिळते, म्हणून कोकणातल्या इतर नद्या आटतात त्या चैत्र-वैशाखातही येथे पाणी खळाळताना दिसते. दोन्ही काठांना भातखाचरे, आंब्याच्या राया, ठाकूरवाड्या. अशा वाटेवरून पहाटे सायकल मारीत जाण्यात जे सुख आहे, ते वातानुकूलित गाडीच्या काचेआडून मिळत नाही. मुंबई-ठाण्याहून अनेक तरुण हल्ली त्यासाठी कर्जतला येतात. दुर्दैव असे, की नऊ वाजले की त्याच अरुंद रस्त्यावर शेतघरांकडे धावणाऱ्या मोटारींची रांग लागते आणि सायकलस्वाराला जीव मुठीत धरून रस्त्याची कड गाठावी लागते. शाळेला निघालेल्या गावातल्या मुलीचीही तीच गत. पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग आणि 8 ऑक्टोबर 2025 रोजी उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ यांमुळे ही गर्दी वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

यावर उपाय आहे आणि तो खर्चिकही नाही. युरोपात डॅन्यूब नदीच्या काठाने जर्मनीतील पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत तीनशेहून अधिक किलोमीटर सायकलने जाता येते. पूर्वी ज्या वाटांवरून घोडे नदीतील नावा ओढत, त्याच बऱ्याच ठिकाणी सायकलींसाठी राखल्या गेल्या. वाटेवरच्या खेड्यांत मुक्कामाच्या खोल्या निघाल्या, शेतकऱ्याच्या घरचे जेवण विकले जाऊ लागले. नेरळ आणि कर्जत ही दोन्ही स्थानके मध्य रेल्वेवर आहेत; त्यांच्यामधले अंतर रेल्वेने जेमतेम 13 किलोमीटर. गावागावांतील जुन्या पाणंदी आणि बैलगाडीच्या वाटा जोडून तेथे मोटारींना मज्जाव असलेला एक मार्ग निश्चितच आखता येईल. त्यासाठी डांबर नको, संरक्षक भिंत नको. 26 जुलै 2005च्या पुराने नेरळ-माथेरानचा लोहमार्ग उखडून दाखवला आणि तो पूर्ववत व्हायला 2007 साल उजाडले. 19 जुलै 2023च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि एक हसती-खेळती वाडी मातीखाली गेली. हे डोंगर आणि या नद्या किती नाजूक आहेत, याचे याहून दारुण स्मरणपत्र कोणते हवे? म्हणून वाट मातीची असावी, पुराच्या दिवसांत बंद राहावी आणि तिच्या काठी नवे बांधकाम होऊ नये. स्थानकाबाहेर सायकली भाड्याने देण्याचे काम गावातील तरुणांच्या सहकारी संस्थेकडे आणि न्याहारी-जेवणाचे काम महिला बचत गटांकडे दिले, तर चार पैसे गावातच राहतील.

हे सारे शहरी हौशींचे चोचले आहेत, असा आक्षेप घेतला जाईल. पण सायकल ही मुळात हौशी माणसाची नव्हेच. ती दूधवाल्याची, पोस्टमनची, गिरणी कामगाराची आणि गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्याची. एके काळी पुण्याची ओळखच सायकलींचे शहर अशी होती. शाळा दूर असलेल्या मुलींना राज्य शासन मानव विकास कार्यक्रमातून आजही सायकल देते. तिला सायकल द्यायची आणि चालवायला सुरक्षित वाट द्यायची नाही, यात कसले शहाणपण? नदीकाठची वाट त्या मुलीसाठी सुरक्षित झाली, तर रविवारच्या सायकलस्वाराला ती आपोआप लाभेल. जमिनीचा प्रश्न मात्र खरा आहे. तो ग्रामसभांना विश्वासात घेऊन सोडवावा लागेल. वरून लादलेल्या योजनेचे काय होते, याची उदाहरणे आपल्याला कमी नाहीत.

आणि सरकारकडे बोट दाखवताना उरलेली बोटे आपल्याकडे वळतात, हेही विसरू नये. मार्च 2025मध्ये दस्तुरी नाक्यावर पर्यटकांच्या होणाऱ्या फसवणुकीच्या निषेधार्थ माथेरानकरांनी स्वतःच आपले गाव बंद ठेवले. साडेचार हजारांच्या आत वस्ती असलेल्या, पाहुण्यांवरच जगणाऱ्या गावाने आपल्या पोटावर पाय देऊन हे केले. गावाने आपले कर्तव्य ओळखले, पाहुण्यांचे काय? नेरळपर्यंत लोकलने जावे, घोडेवाल्याशी आणि रिक्षावाल्याशी ठरल्या दराने सचोटीने वागावे, आपला कचरा आपल्या पिशवीत खाली आणावा, मुलांना चार पावले चालू द्यावीत. एवढे प्रत्येक कुटुंबाला सहज जमण्यासारखे आहे.

मोटारीला 'इथवरच' म्हणण्याचे धैर्य एका डोंगरगावाने पिढ्यान्‌पिढ्या दाखवले. त्याच्या पायथ्याशी, उल्हासच्या काठी, ते धैर्य दाखवण्याची पाळी आता आपली आहे. नदीकाठ एकदा सिमेंटखाली गेला, की तो कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाने परत मिळत नाही.