उसन्या महाबळेश्वराचा तोटा

बदनापूरपासून म्हैसमाळ 80 किलोमीटरच्या आसपास आहे. जालन्याकडून निघालेल्या सहलीच्या गाड्या बदनापूरला चहाला थांबतात, छत्रपती संभाजीनगर ओलांडतात, दौलताबादला दिल्ली दरवाजाच्या कमानीपाशी खोळंबतात आणि घाट चढून खुलताबादला येतात. तिथून 12 किलोमीटर पुढे गेले की माहितीपत्रकात छापलेले 'मराठवाड्याचे महाबळेश्वर' लागते. हे बिरुद पहिल्यांदा कोणी दिले याच्या खोलात शिरण्याचे कारण नाही. आपण सगळ्यांनीच ते हौसेने मिरवले आहे. सहली काढणारे, मुक्कामाची सोय करणारे, गाड्या लावणारे आणि वाट दाखवणारे असे जे वाचक हे मासिक घेतात, त्यांच्यापुढे या अंकात त्या बिरुदाचा हिशेब मांडायचा आहे. ही उपमा आता आपल्याला तोट्यात घालते आहे. म्हैसमाळला आलेल्या पाहुण्याने दिवसभर काय करायचे हे आपण तिथला डोंगर पाहून ठरवत नाही, दुसऱ्याच डोंगराच्या आठवणीवरून ठरवतो.

दोन्ही डोंगर शेजारी ठेवून पाहू. महाबळेश्वर 1,350 मीटरच्या वर आहे आणि तिथे वर्षाला 5,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. माथ्यावर जांभ्याचा थर आहे, तो पाणी धरतो, म्हणून झरे टिकतात, तलाव भरलेले राहतात आणि होडीवाल्याचे पोट भरते. म्हैसमाळची उंची 1,067 मीटर. आपल्या जालना जिल्ह्याचा सरासरी पाऊस 700 मिलिमीटरच्या आसपास. डोंगरमाथ्यावर तो थोडा जास्त पडत असेल, पण काळ्या दगडावरच्या पातळ मातीतून तो भराभर वाहून जातो. हवेचे गणितही असेच आहे. हजार मीटर चढले की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. बदनापूर 500 मीटरच्या आसपास आहे, म्हणजे फरक पडतो तो साडेतीन-चार अंशांचा. मे महिन्यात इथे पारा 42 वर असेल तर तिथे दुपारी 38 असणार. मुलाबाळांसह 'थंड हवेचे ठिकाण' बघायला आलेला माणूस एक वाजता गाडीतून उतरतो, सावली शोधतो आणि चार वाजेपर्यंत चिडलेला असतो. त्याची चूक नाही. आपण त्याला जे सांगून आणले ते तिथे नव्हतेच.

मग उरतात ते पावसाळ्यातले आठ-दहा रविवार. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत पठार हिरवे असते, ढग अंगावरून जातात, सोनकी आणि तेरडा फुलतो. त्या दिवसांत म्हैसमाळ खरोखरच सुंदर दिसते, हे नाकारायचे नाही. पण वर्षाचा सगळा धंदा या दहा दिवसांच्या गळ्यात बांधल्यामुळे ज्यासाठी पाहुणा आला तेच त्याला मिळत नाही. घाटात गाड्यांची रांग, वर गाडी लावायला जागा नाही, कणसाच्या शेगडीभोवती गर्दी, आणि परतताना पुन्हा तीच रांग. भंडारदऱ्याच्या काजव्यांचे काय झाले ते आपल्या व्यवसायातल्या प्रत्येकाने अभ्यासावे असे आहे. मे-जूनच्या त्या दोन-तीन आठवड्यांत काजवे एकमेकांना शोधतात ते उजेडाच्या खुणांवर. ते बघायला जे लोक आले त्यांच्या गाड्यांच्या दिव्यांनी आणि मोबाइलच्या झोतांनी तोच उजेड पुसला जाऊ लागला, तेव्हा वनखात्याला वेळेची आणि वर्तनाची बंधने घालावी लागली. थोड्या दिवसांवर सगळी भिस्त ठेवणारा उपक्रम गर्दीनेच मोडतो.

यावर आपल्याकडे ठरलेला तोडगा म्हणजे यंत्र. झिपलाइन, दोरीचे पूल, कड्यावर काचेचा मार्ग. हे उपक्रम वाईट आहेत असे आमचे म्हणणे नाही. दोर वेळच्या वेळी तपासले जात असतील आणि प्रशिक्षित माणूस उभा असेल तर ते जरूर करावेत. पण भांडवल गुंतवण्यापूर्वी चिखलदऱ्याकडे बघावे. तिथे सिडकोने 407 मीटर लांबीचा काचेचा स्कायवॉक हाती घेतला आणि मेळघाटाच्या शेजारामुळे लागणाऱ्या परवानग्यांमध्ये तो कित्येक वर्षे रखडला. तिथे निदान सिडको तरी होती. आपल्यासारख्या चार गाड्या आणि दोन खोल्यांच्या व्यावसायिकाचे भांडवल असे अडकले तर तो पुन्हा उभा राहत नाही. शिवाय झिपलाइन लोणावळ्यात आणि म्हैसमाळात सारखीच. त्यासाठी इतक्या लांब कोणी का यावे, या प्रश्नाला उत्तर नाही.

उत्तर डोंगरातच आहे, फक्त ते कोरड्या ऋतूत वाचावे लागते. नोव्हेंबर ते मार्च पहाटे सहा ते दहा या वेळेत या माथ्यावर जे दिसते ते महाबळेश्वरला दिसत नाही, कारण हे कोरड्या मुलखाचे वैभव आहे. सालईची साल कागदासारखी सुटते, खोडावर डिंक ओघळून वाळलेला असतो आणि तो जाळला की धुपाचा वास येतो. पाने झडलेली असल्यामुळे पक्षी लपत नाहीत. पठारावरच्या कुसळी गवताला आपण सगळेच वैतागतो, कारण ते मोज्यात घुसते. पण तेच एक कुसळ तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब सोडला की त्याचा पीळ सुटू लागतो आणि ते हातावर वळवळत फिरते. पहिल्या पावसात ते स्वतःला स्क्रूसारखे जमिनीत फिरवून घेते ते असेच. दहा वर्षांच्या मुलाला हे दाखवायला एक थेंब आणि एक मिनिट पुरते, आणि झोक्यावरून उतरलेल्या मुलाला जे घरी सांगता येत नाही ते त्याला सांगता येते. घाटात कापलेल्या कड्यात काळ्या थरांमध्ये कुठे तांबडा पट्टा दिसला तर तिथेही थांबावे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचा एक लोट आला, थिजला, त्यावर माती तयार झाली, आणि पुढच्या लोटाने ती विटेसारखी भाजली. दगडातल्या पोकळ्यांमध्ये ज्या चमकदार गारगोट्या दिसतात त्यांचे भाऊबंद, म्हणजे जालन्याच्या खाणींतले झिओलाइटचे स्फटिक, जगभरच्या संग्राहकांकडे पोहोचले आहेत. त्यांच्या माहेरच्या लोकांना मात्र त्याची खबर नसते. (गारगोटी दाखवायची, उचलून खिशात टाकायची नाही, हे सुरुवातीलाच सांगावे.)

चालण्याच्या वाटाही इथे आयत्या आहेत. येळगंगा याच डोंगरात उगम पावते आणि वेरूळला लेणे क्रमांक 29 जवळ सीतेच्या न्हाणीत उडी घेते. पावसाळ्यात धबधबा बघायला लोटणारे लोक तिच्या कोरड्या पात्राकडे फिरकत नाहीत. वनखात्याची परवानगी आणि जाणता वाटाड्या असेल तर हिवाळ्यात डोंगरावरून वेरूळच्या बाजूला उतरत जाणे, वाटेत वरच्या अंगाला असलेली गणेश लेणी बघणे आणि दुपारच्या आत कैलासासमोर पोहोचणे, हा उपक्रम दुसरीकडे कुठे विकत मिळणार नाही. लेणी मंगळवारी बंद असतात, एवढे भान ठेवले की झाले. शूलिभंजनला एकनाथांच्या तपाची जागा आहे. दौलताबादच्या जनार्दनस्वामींपासून तिथपर्यंतचा दुवा पायी जोडता येतो. ऑक्टोबरच्या सुमारास सीताफळांच्या टोपल्या रस्त्यावर येतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि सावर फुलतात, आणि अमावास्येच्या आसपास रात्री मृग आणि कृत्तिका दाखवायला दुर्बिणीचीही गरज नसते. पेरणीची नक्षत्रे तोंडपाठ असलेल्या आजोबांना आभाळातले मृग नक्षत्र नातवाला दाखवता येते, यापेक्षा चांगला सहलीचा कार्यक्रम आम्हाला तरी माहीत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की, हे सगळे कागदावर ठीक, पण आपल्याकडचा माणूस पावसाशिवाय डोंगराकडे वळत नाही आणि पायी तर मुळीच चालत नाही. पुरावा याच्या उलट आहे. श्रावणातल्या शुक्रवारी रात्री छत्रपती संभाजीनगरहून खुलताबादच्या भद्रा मारुतीपर्यंत हजारो माणसे घाट चढून पायी जातात, त्यांत कॉलेजची मुले असतात आणि साठी उलटलेल्या बायकाही असतात. हा श्रद्धेचा भाग आहे, त्याची सहलीशी बरोबरी करू नये, हे मान्य. पण पायांत बळ नाही, ही सबब तरी त्यानंतर उरत नाही. हिवाळ्याचे म्हणाल तर हुरड्याकडे बघा. डिसेंबर-जानेवारीत शहरातली कुटुंबे पैसे मोजून शेतावर येतात, आगटीभोवती बसतात, चुलीवरची भाकरी आणि ठेचा खातात. तिथे ना धबधबा आहे ना ढग. शाळांच्या सहलीही याच दिवसांत निघतात. एका दिवसात दौलताबाद, वेरूळ, मकबरा आणि पाणचक्की उरकून मुले रात्री अकराला परततात आणि त्यांना आठवतो तो गाडीतला धिंगाणा. गिऱ्हाईक हिवाळ्यात घराबाहेर आहेच, फक्त त्याला चार स्थळांच्या ऐवजी एक सकाळ देण्याचे धाडस आपण केलेले नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो जास्त वजनदार आहे. बारा जणांच्या गटात काय सुटणार? एक उदाहरण मांडून पाहू. माणशी 500 रुपये धरले तर 6,000 जमतात. वाटाड्याला 1,200, त्याच्या मदतनिसाला 800, बचत गटाकडून न्याहारीचे माणशी 120 प्रमाणे 1,440 आणि किरकोळ 260 वजा जाता 2,300 उरतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे 17 आठवडे, आठवड्याला दोन फेऱ्या, म्हणजे 34 फेऱ्यांचे 78,200. हे घबाड नाही. पण यात यंत्र नाही, कर्ज नाही, आणि ज्या महिन्यांत खोल्या रिकाम्या असतात त्याच महिन्यांत ही मिळकत येते. पहाटेच्या फेरीला येणाऱ्याला आदल्या रात्री मुक्काम करावाच लागतो, म्हणजे खोलीही भरते. केवळ चालण्यावर गाव जगते का, याचे उत्तर माथेरानने दिलेले आहे. 1907 पासून छोटी गाडी नेरळहून वर जाते, मोटारींना गावात बंदी आहे, आणि पाहुणा तिथे जे करतो ते मुख्यतः तांबड्या मातीतून या पॉइंटवरून त्या पॉइंटवर चालणे. घोडेवाल्यांचे आणि हातरिक्षावाल्यांचे हाल हा त्या गावाचा दुसरा चेहरा आहे, आणि माणसाने माणूस ओढण्याची प्रथा सर्वोच्च न्यायालयाला 2025 मध्ये थांबवायला सांगावी लागली, हेही विसरू नये. वाटाड्याला किती द्यायचे हे आधी ठरवावे आणि आपला नफा नंतर मोजावा, हा धडा तिथूनच घ्यायचा.

वाटाडे कोण, हा प्रश्न मात्र आपण हलक्यात घेतो. माथ्यावरच्या आणि पायथ्याच्या गावांतल्या गुराख्यांना वाट माहीत आहे, झाड माहीत आहे, कुठल्या कड्याला आग्या मोहोळ बसते तेही माहीत आहे. धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरडा घेऊन गट त्या कड्याखाली नेऊ नये हे त्यांना सांगावे लागत नाही, आपल्याच गाडीतल्या मंडळींना सांगावे लागते. त्यांना शिकवायचे ते प्रथमोपचार, गट मोजण्याची शिस्त आणि अनोळखी माणसांशी बोलणे. 24 ऑगस्ट 2021 च्या शासन निर्णयाने साहसी पर्यटनासाठी नोंदणीची आणि सुरक्षेची चौकट आखून दिली. तिला कटकट समजणारे आपल्यात पुष्कळ आहेत, पण गिऱ्हाइकाला दाखवायला यापेक्षा भरवशाचा कागद दुसरा नाही. गटाची मर्यादाही स्वतःच घालून घ्यावी. कासच्या पठारावर दिवसाला 3,000 माणसांची मर्यादा आणि आगाऊ नोंदणी आली, आणि तिकिटाचे पैसे आसपासच्या गावांच्या समित्यांकडे जाऊ लागले. पुढे कुंपण घालून चराई थांबवल्यावर फुले कमी झाल्याच्या तक्रारी आल्या आणि ते कुंपण काढले गेले. म्हणजे गुरे आणि गुराखी हे पठाराचे भाग आहेत. म्हैसमाळच्या पठारावर म्हशी दिसल्या म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी त्या गावाचे नाव पुन्हा एकदा वाचावे.

महाबळेश्वरचे नाव सोडले तर सरकारी निधी कसा येणार, असेही विचारले जाईल. म्हैसमाळ, वेरूळ, खुलताबाद आणि शूलिभंजन यांचा एकत्र विचार करणारा आराखडा झाला तो या चार जागांच्या नावाने. निधीला उपमा लागत नाही, त्यामुळे हा आक्षेप इथेच सोडतो.

सुरुवात मात्र म्हैसमाळला करू नये. नवा वाटाडा, नवी वेळ आणि नवा दर हे सगळे एकदम 80 किलोमीटर लांब नेऊन आजमावण्यापेक्षा बदनापूर तालुक्यातच सोमठाणा आहे. रेणुकामातेची टेकडी, जवळ अप्पर दुधनाचे पाणी, हिवाळ्यात उथळ काठावर शेकाट्या आणि बदके, आणि परतीच्या वाटेवर मोसंबीच्या बागा. नवरात्रातली गर्दी सोडली तर पहाटे तिथे शांतता असते. अर्ध्या दिवसाची फेरी, घरचेच आठ-दहा पाहुणे, आणि चुका झाल्या तरी दुपारच्या जेवणाला घरी. दिवाळीनंतरचा पहिला मोकळा शनिवार यासाठी धरावा. निघताना जास्तीचे दोन टॉर्च, प्रथमोपचाराची पेटी, चहाचा थर्मास आणि मोज्यांतली कुसळे काढायला एक जुना कंगवा बरोबर असू द्यावा.