शेकोट्यांची टेकडी

तरुण मुलाच्या हातातील पुस्तक सहज उचलून पाहावे आणि पहिल्याच पानावर रक्ताचे पाट, तुटलेली शरीरे आणि राक्षसांची विक्राळ मुखे दिसावीत, असा प्रसंग हल्ली पुष्कळ घरी घडतो. पुस्तक जपानी असते. त्या देशात चित्रकथेला मांगा म्हणतात, आणि तिच्यावरून केलेल्या चलच्चित्रमालिकेला ॲनिमे. वडील पुस्तक कपाटात ठेवून देतात, मुलगा रुसतो, आणि विषय तेथेच मिटतो. तो इतक्या लवकर मिटू नये, म्हणून आज अशाच एका कथेविषयी आपल्याशी बोलावयाचे आहे.

कथेचे नाव ‘बर्सर्क’. केंतारो मिउरा या चित्रकाराने ती 1989 मध्ये लिहावयास घेतली. आजवर तिचे चाळिसांहून अधिक खंड निघाले आहेत आणि 1997 मध्ये तिच्यावर पंचवीस भागांची मालिकाही झाली. आधीच सांगून टाकणे बरे, की ही कथा लहान मुलांसाठी नव्हे. प्रौढांनीही ती जपूनच हाती घ्यावी. स्त्रियांवरील अत्याचार तर काही ठिकाणी कथेच्या गरजेपेक्षा अधिक रेखाटले आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. इतके असूनही ती वाचून झाल्यावर मनात राहतात ते तलवारीचे वार नव्हेत.

मध्ययुगीन युरोपासारख्या एका काल्पनिक देशात फाशी दिलेल्या स्त्रीच्या प्रेताखाली एक अर्भक सापडते. तोच कथानायक गट्स. ज्या बाईने त्याला उचलून घेतले ती तो लहान असतानाच साथीच्या रोगाने मरते, आणि गांबिनो नावाचा भाडोत्री सैनिक त्याला वाढवितो. वाढवितो म्हणजे त्याच्या उंचीपेक्षा मोठी तलवार त्याच्या हाती देतो आणि शिकविताना त्याला जखमीही करतो. एकदा मात्र हाच माणूस जखमेवर लावावयास त्याला औषध देतो. पोराला केवढा आनंद होतो! त्या एवढ्याशा मायेवर ते पोर कितीतरी दिवस काढते. पुढे गांबिनो त्याच्या जिवावर उठतो आणि स्वतःच्या बचावात गट्सच्या हातून तो मारला जातो.

अशा माणसाला पुढे एक मित्र भेटतो. ग्रिफिथ हा एका भाडोत्री पथकाचा देखणा, बुद्धिमान नायक. स्वतःचे राज्य मिळविणे हे त्याचे स्वप्न. त्याच्या आज्ञेवरून गट्स एका रात्री एका सरदाराचा वध करतो. अंधारात पाऊल वाजते म्हणून तो वळून वार करतो, आणि पाहतो तो समोर त्या सरदाराचा लहानगा मुलगा! मरणाऱ्या त्या मुलाचा हात तो हातात धरतो. त्याच रात्री, जखमी अवस्थेत, कारंज्यापाशी ग्रिफिथ राजकन्येशी बोलत असल्याचे त्याच्या कानी पडते. ग्रिफिथ सांगत असतो, की मित्र म्हणावा तो माझ्या स्वप्नामागून येणाऱ्याला नव्हे. ज्याला जगण्याचे स्वतःचे प्रयोजन आहे आणि त्यासाठी जो माझ्याविरुद्धही उभा राहील, त्यालाच. ज्याच्यासाठी आपण आजच एका मुलाचा जीव घेतला, त्याच्या लेखी आपण मित्र नाही, हे गट्सला असे आडून कळते. येथे मिउरा त्याच्या तोंडी एक शब्दही घालीत नाहीत.

पुढे एका लढाईनंतर तो पथकातील कास्का या तरुणीबरोबर टेकडीवर बसतो. खाली छावणीत शेकोट्या पेटलेल्या असतात. त्याला वाटते, यांतली प्रत्येक ज्योत म्हणजे एकेका सैनिकाचे लहानसे स्वप्न आहे. ती विझू नये म्हणून प्रत्येकाने ती ग्रिफिथच्या मोठ्या आगीत आणून ठेवली आहे, आणि आपण मात्र या आगीपाशी केवळ शेकावयास आलेले वाटसरू. नोकरीच्या गावी दहा-दहा वर्षे राहूनही ज्याला हे गाव माझे असे म्हणता आले नाही, त्याला या पानाचा अर्थ समजावून द्यावा लागणार नाही.

गट्स पथक सोडून जातो, आणि ग्रिफिथ कोसळतो. आपल्याला खरा मित्र कोण होता, हे त्याला तो गेल्यावर उमगते. अविचाराने केलेल्या एका कृत्यापायी तो वर्षभर कारागृहात छळ सोसतो. ज्यांनी त्याला सोडवून आणले, त्याच सोबत्यांना तो अखेर आपल्या स्वप्नासाठी राक्षसांपुढे बळी देतो. गट्स एक डोळा व एक हात गमावतो, कास्का शुद्ध गमावते. सूडासाठी दोन वर्षे वणवण केल्यावर एक म्हातारा लोहार त्याचे डोळे उघडतो: दुःखाकडे पाहवत नाही म्हणून तू द्वेषाच्या आडोशाला गेलास, आणि जी उरली होती तिला मागे टाकलेस. तेव्हापासून त्याची ती प्रचंड तलवार तिच्या रक्षणासाठी उचलली जाते. अनेक खंडांच्या प्रवासानंतर कास्का शुद्धीवर येते. पण गट्स समोर येताच जुनी भीती उसळून येते आणि ती त्याच्याकडे पाहू शकत नाही. आणि तो मुकाट्याने दूर राहतो.

मे 2021 मध्ये, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, मिउरा वारले. कथा अपुरीच होती. शाळेपासूनचे त्यांचे मित्र कोजी मोरी हेही चित्रकथाकार. मोरींनी नंतर सांगितले, की सुमारे तीस वर्षांपूर्वी एका प्रकरणाशी अडल्यावर मिउरांनी त्यांना बोलावून घेतले. तेव्हा आठवडाभर दोघे एकत्र बसले आणि कथेचा शेवटपर्यंतचा ओघ मिउरांनी त्यांना ऐकविला. अडलेले ते प्रकरण नेमके तेच होते, ज्यात मित्र मित्राचा घात करतो.

जून 2022 मध्ये मोरींच्या देखरेखीखाली मिउरांच्या शिष्यांनी कथा पुन्हा सुरू केली. आरंभीच मोरींनी वाचकांना शब्द दिला, की मित्राने जे सांगितले तेवढेच आपण लिहू, पदरचे काही घालणार नाही, आणि जे नीट आठवत नाही ते सोडून देऊ.